मग जा आपल्या माहेरा

गेल्या नवरात्रात आमच्या इमारतीच्या पोडियमवर भोंडला झाला. पोडियम म्हणजे खाली तीन मजले गाड्या आणि त्यांच्या डोक्यावर टाइल्स बसवलेलं अंगण. काळाचौकीत आता अंगण असंच मिळतं. मधोमध पाट होता, पाटावर हत्ती होता. तो रांगोळीचा नव्हता, कुणीतरी प्रिंट काढून लॅमिनेट करून आणला होता, पुढच्या वर्षीही चालेल म्हणून. गाणी वाजवायला स्पीकर, आणि शब्द पाठ नसलेल्यांसाठी ग्रुपवर पीडीएफ. त्यामुळे झालं असं, की अर्ध्याजणींच्या एका हातात फोन आणि फेर धरायला उरलेला एकच हात. फेराला जागोजागी खिंडारं पडलेली.

मी हसत होते, पण फोन माझ्याही हातात होताच. ऑफिसातून धावतपळत आले होते आणि एक मेल जायचा राहिला होता.

आई प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती फेर धरत नाही, पण टाळी धरते. ऐलमा पैलमा झालं, लिंबू झेलून झालं, आणि स्पीकरवर कारल्याचं गाणं लागलं. सून माहेरी जायला मागते आणि सासू सांगते, कारल्याची बी पेर गं सुनबाई, मग जा आपल्या माहेरा माहेरा. मुली जोरात म्हणत होत्या. बी पेरून झाली आणि रेकॉर्डिंगमधली बाई एकदम फुलावर गेली.

"थांबा गं," आई म्हणाली.

कुणी थांबेना. तिनं काठी टाइलवर आपटली. "थांबा म्हणते ना! वेल राहिला."

स्पीकर बंद झाला. सगळ्याजणी तिच्याकडे बघायला लागल्या.

"बी पेरल्या पेरल्या फूल कसं येईल? आधी वेल यायला नको का? वेलाचं कडवं म्हणा."

पीडीएफ वरखाली करून झाली. तिच्यातही वेल नव्हता. मग आईनं एकटीनं ते कडवं म्हटलं, सासूचंही आणि सुनेचंही. आवाज मध्येच चिरकला. मुलींनी टाळ्या वाजवल्या, म्हाताऱ्या माणसांसाठी वाजवतात तशा, जरा जास्तच. स्पीकर पुन्हा सुरू झाला आणि गाणं फुलावर गेलं.

मला मात्र तो गाळलेला वेल काही सोडेना.

ज्यांना हे गाणं माहीत नाही (मुंबईत असे पुष्कळ असतील) त्यांच्यासाठी थोडं सांगते. सूर्य हस्त नक्षत्रात जातो साधारण 27 सप्टेंबरला. पाऊस परतीच्या वाटेवर असतो, शेतात पिकं उभी असतात, बायकांच्या हातांना थोडी उसंत असते. हस्त म्हणजे खरं तर हात. पण हस्तावरून हत्ती आला आणि पाटावर जाऊन बसला. सातारा-कोल्हापूरकडे याला हादगा म्हणतात, पुण्याकडे भोंडला. खानदेशात आणि वऱ्हाडात मुली भुलाबाई बसवतात आणि ती भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर राहते. आजीच्या गावी हादगा सोळा दिवस चाले. पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं चढत चढत शेवटच्या दिवशी सोळा. मुंबईत सोळा दिवस कुणाकडे आहेत? चाळीत आमचा हादगा नऊ दिवसांचा होता. आता एका संध्याकाळचा झाला, तोही शनिवार बघून.

या सोळांतलं एक कारल्याचं. त्याची रचना शाळकरी पोरीलाही दोन मिनिटांत पाठ होईल अशी आहे. सासू म्हणते बी पेर, मग जा. सून म्हणते, बी पेरली हो सासूबाई, आता तरी धाडा ना माहेरा. सासू म्हणते वेल येऊ दे, मग जा. मग फूल येऊ दे. मग कारलं लागू दे. मग भाजी कर, मग जेवणं होऊ देत, मग खरकटं काढ. आणि सगळं संपल्यावर अखेरीस, आणा फणी, घाला वेणी, जाऊ द्या राणी माहेरा. बस, संपलं. ती माहेरी पोचली की नाही, आईला भेटली की नाही, यातलं काही नाही. गाणं वेणीपाशी थांबतं.

कारल्याचं बी टणक असतं. रात्रभर भिजत घातलं नाही तर उगवायला फार दिवस घेतं. वेल हातभर झाला की तणावे फेकून आधार शोधायला लागतो, म्हणून मांडव घालावा लागतो. पहिल्यांदा येतात ती नराची फुलं, पिवळी, देखणी आणि गळून जाणारी. मादीची फुलं मागून येतात, त्यांच्या देठाशी नखाएवढं कारलं आधीच असतं. बी मातीत गेल्यापासून कारलं तोडायला येईपर्यंत दोन महिने धरा. म्हणजे गाण्यातली सासू 'जाऊ नको' असं एकदाही म्हणत नाही. ती 'जा' असंच म्हणते. फक्त त्या 'जा'च्या आधी एक 'मग' ठेवते, आणि त्या 'मग'च्या आधी दोन महिन्यांचं शेतकाम.

शाळेत मराठीच्या बाईंनी सांगितलं होतं की कारल्याचा कडूपणा म्हणजे सासूचा कडूपणा. 'कडू कारले, तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच' ही म्हणही त्यांनी फळ्यावर लिहिली होती. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. आमच्या घरात कारलं आवडीनं खातात.

याच घराण्यातलं आणखी एक गाणं आहे. त्यात सुनेला माहेरचं मूळ येतं, म्हणजे न्यायला माणूस येतो, आणि ती सासूला विचारते. सासू म्हणते, मला काय पुसतेस, बरीच दिसतेस, पूस आपल्या सासऱ्याला. मग सासरा, मग दीर, जाऊ, नणंद असा तिचा अर्ज फिरत राहतो. मी पंचवीस वर्षं ऑफिसात काढली आहेत. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर कशी जाते याचं इतकं नेमकं वर्णन मी दुसरीकडे वाचलेलं नाही. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामातून गावोगावची बायकांची गाणी गोळा केली. त्या सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या, म्हणजे आईच्या माहेरच्याच मुलखातल्या. त्यांच्यासारख्यांनी ती उतरवून घेतली नसती तर आज पीडीएफ करायलाही काही उरलं नसतं. पण उतरवलेल्या गाण्यात फेर दिसत नाही, आणि खरी गंमत फेरात आहे. फेरात सासूचा गट निराळा आणि सुनेचा निराळा असं नसतं. सगळ्याजणी दोन्ही म्हणतात. सात वर्षांची परकरी पोर एका दमात 'धाडा ना' म्हणून गयावया करते आणि दुसऱ्या दमात 'मग जा' म्हणून हुकूम सोडते, पाय तेच, टाळी तीच. मीही तसंच म्हटलं. आपण दोन्हीकडच्या आहोत हे त्या वयात कळायचं काही कारण नव्हतं.

आमच्या फेरात आजी असायची, म्हणजे वडिलांची आई. नऊवारीचा काष्टा आवळून ती पहिल्या गाण्यापासून उभी राही. ती कोरेगाव तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईला आली ती एकदम दहा बाय बाराच्या खोलीत. आजोबा गिरणीत होते, पुढे वडीलही साचेखात्यात लागले. आणि आजी खानावळ चालवायची. बोर्ड वगैरे काही नाही. खोलीच्या मागच्या भिंतीशी दोन शेगड्या, आणि गावाकडचे चौदा मेंबर. ज्यांच्या बायका गावी शेत सांभाळत होत्या, असे ते पुरुष एकेका गाळ्यात वीस-वीस जण राहत आणि पाळीप्रमाणे येऊन जेवत. सकाळपाळीचे उठेपर्यंत रातपाळीचे यायचे. म्हणजे आजीची चूल विझायची कधी, तर नाहीच. गिरणगावात अशा शेकडो बायका होत्या. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांना एकत्र आणून. आमच्या मजल्यावरच्या दोघी त्यात होत्या. आजी गेली नाही. "कागदावर अंगठा दिला की मान दिली," हे तिचं म्हणणं. ते चुकीचं होतं असं मला आता वाटतं, पण तिला कोण सांगणार होतं?

खानावळवाल्या बाईला माहेर नसतं. चौदा माणसांना चार दिवस उपाशी ठेवून जाता येत नाही, आणि गेलं तर ती पंधराव्या दिवशी दुसरीकडे जेवायला लागतात. आजीचं माहेर एका रात्रीच्या एसटीवर होतं. लग्नानंतर तिथे किती वेळा गेले हे ती बोटांवर मोजून सांगायची, आणि एका हाताची बोटं पुरायची. पण कारल्याच्या गाण्यात सगळ्यात मोठा आवाज तिचाच, आणि तोही सासूच्या ओळीला.

चाळीतला हादगा ही मोठी सरमिसळ होती. आम्ही घाटावरच्या, पण मजल्यावर निम्म्या मालवणी. त्यांच्याकडे हादगा नव्हता, पण त्यांच्यासारखी फुगडी आम्हाला येत नव्हती, त्यामुळे व्यवहार जमला. पलीकडच्या चाळीत तेलुगू पद्मशाली कुटुंबं होती, तीही गिरणीतलीच. त्यांच्या बायका त्याच दिवसांत फुलांची बतुकम्मा रचून तिच्याभोवती टाळ्या वाजवत फिरायच्या. दोन चाळींच्या मध्ये एक अरुंद बोळ होता. त्या बोळाच्या एका तोंडाला हत्ती आणि दुसऱ्या तोंडाला फुलांचा डोंगर, आणि दोन्हीकडे बायका गोल फिरताहेत. आम्ही पोरी धावत जाऊन दोन्हीकडचा प्रसाद खायचो. कुणी नावं विचारली नाहीत.

खिरापत ओळखणं हा तर जीव की प्राण. घरची बाई झाकलेला डबा घेऊन येते आणि सगळ्यांनी विचारायचं, गोड की तिखट? ओलं की सुकं? तळलेलं की भाजलेलं? ओळखता आलं नाही तर त्या घराची शान. त्यासाठी बायका भलते पदार्थ करत. एकदा मालवणी काकूंनी फणसाच्या उकडलेल्या बिया आणल्या होत्या. पावसाळाभर मातीत पुरून ठेवलेल्या. तास गेला तरी कुणाला येईना.

मग 1982 आलं. 18 जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार, जवळपास सगळ्या गिरण्या. मी आठ वर्षांची होते. मला संप म्हणजे काय ते कळलं ते भोंग्यावरून. भोंगा वाजायचा थांबला आणि आजी सकाळी दचकून उठायला लागली. पहिल्या महिन्यात सगळे जोशात होते. उन्हाळ्यापर्यंत मेंबर गावी जायला लागले, शेतावर. गणपतीपर्यंत चौदांचे तीन राहिले, आणि त्या तिघांचीही उधारी. वडील सकाळी बाहेर पडायचे आणि संध्याकाळी यायचे. कुठे जायचे ते कुणी विचारत नसे.

त्या जूनमध्ये आजीनं गॅलरीत कारलं लावलं. डालड्याचा मोठा डबा, त्याला खिळ्यानं भोकं, परळच्या बाजूला कुठेतरी बांधकामावरून आणलेली माती. बी भिजवलं रात्रभर. वेल आला तेव्हा मांडव हवा होता, तर गॅलरीच्या कठड्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत तिनं सूत ओढलं. गिरणीतलं वाया गेलेलं सूत घरात पुष्कळ पडलेलं असायचं, भांडी घासायला, कंदील पुसायला. त्या सुतावर वेल चढला. मला रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी घालायचं काम होतं. पहिली फुलं गळली तेव्हा मी रडले होते. आजी म्हणाली, "अगं ती गडीमाणसाची फुलं. त्यांचं असंच. पुढं पुढं नाचायचं आन् गळायचं." आत वडील पडून होते. त्यांनी ऐकलं असणार.

नवरात्रात हादगा बसला. पण त्या वर्षी खिरापत ओळखण्यात काही राम उरला नाही, कारण सगळ्यांच्या डब्यात एकच वस्तू, चुरमुरे. फार तर त्यात फुटाणे. पहिल्याच झटक्याला पोरी ओळखायच्या आणि मग बाया कसनुसं हसायच्या. चौथ्या दिवशी आमच्या घराची पाळी. आजीनं डबा आणला, वर पंचा बांधलेला.

"गोड?" नाही. "तिखट?" तसं नाही. "आंबट?" नाही. "खारट?" थोडं.

पोरी दमल्या. कुणीतरी थट्टेत म्हणालं, "मग काय कडू?"

"व्हय!" आजी म्हणाली आणि पंचा सोडला. कारल्याच्या काचऱ्या होत्या, मीठ लावून पिळलेल्या आणि कडक तळलेल्या. प्रत्येकीच्या वाट्याला पाच-सहा आल्या असतील. मालवणी काकू हसून हसून भिंतीला टेकल्या. आणि मग कुणी काही सुचवायच्या आत आजीनं फेर धरला आणि कारल्याचं गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. बी, वेल, फूल, सगळं. त्या संध्याकाळी एकही कडवं गळलं नाही. सून मागत होती, सासू 'मग' म्हणत होती, आणि पोरींच्या तोंडात कारलं होतं. त्या दिवसापासून चाळीत 'कारल्याला वेल येऊ दे' हा वाक्प्रचार झाला. संप कधी मिटणार? कारल्याला वेल येऊ दे. पगाराची थकबाकी? कारल्याला फूल येऊ दे. पुढे बिल्डर आला, चाळ पाडून टॉवर बांधतो म्हणाला, तेव्हाही मीटिंगमध्ये मागून कुणीतरी हेच ओरडलं होतं. त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. अकरा वर्षं आम्ही भाड्याच्या घरांतून फिरलो, मग हा पोडियम.

त्याच वर्षीच्या दिवाळीची गोष्ट मात्र मी कुणाला फारशी सांगितलेली नाही.

भाऊबिजेला मिरजेहून मामा आला. मुराळी म्हणून. हातात पत्र्याची ट्रंक, तिच्यात आईसाठी लुगडं आणि आमच्यासाठी बेसनाचे लाडू. मिरजेच्या आजीला अर्धांगाचा झटका आला होता, ती लेकीचं नाव घेत होती. मामा आईला घेऊन जायला आला होता. दोन रात्री तो गॅलरीत झोपला, कारल्याच्या वाळलेल्या वेलाखाली. तिसऱ्या दिवशी एकटाच परत गेला. खोलीच्या मध्ये एक पडदा होता, जुन्या साडीचा. त्या पडद्यामागून मला फक्त एक वाक्य ऐकू आलं होतं. "संप मिटू दे, मग."

आवाज कुणाचा हे कळण्याइतका मोठा नव्हता. पण मला कळायची गरजच नव्हती. हादगा नुकताच झाला होता, आणि 'मग' कोण म्हणतं ते मला पाठ होतं.

मिरजेची आजी संक्रांतीच्या आधी गेली. आई महालक्ष्मी एक्सप्रेसच्या जनरल डब्यातून गेली आणि तेरावं करून परत आली. संप मिटला नाही. तो कधीच मिटला नाही. मागे घेतल्याची घोषणा अशी झालीच नाही, माणसं एकेक करून जमेल त्या अटीवर आत गेली, कित्येकांना आत घेतलंच नाही. म्हणजे ते 'मग' अजून तिथेच आहे, पडद्यामागे.

मी आजीवर पुढे खूप वर्षं राग धरला. ती वारली तेव्हा मी कॉलेजात होते. रडले, पण आत एक कोपरा कोरडा होता आणि मला तो माहीत होता. कारल्याच्या काचऱ्या वाटणारी हीच बाई, आणि आईला आईकडे जाऊ न देणारीही हीच, हे दोन्ही एकत्र बसवता येत नव्हतं. लेख, परिसंवाद, स्त्रीगीतांतली सासू वगैरे वाचायला लागले तेव्हा ते छान बसलं. सासू ही व्यवस्थेची पहारेकरीण. असं काहीतरी मी एकदा एका दिवाळी अंकात लिहिलंही. आता ते वाचवत नाही.

पोडियमवरच्या भोंडल्यानंतर त्या रात्री आईचे पाय चेपत होते. वेल का गाळला असेल यावर ती अजून कुरकुरत होती. मी सहज बोलून गेले, "आजी असती तर तिनं स्पीकरच फोडला असता. तिला 'मग' म्हणायला केवढं आवडायचं. तुलाही नाहीच जाऊ दिलं तिनं मिरजेला."

"कुणी?"

"आजीनं. मामा आला होता तेव्हा. संपाच्या वर्षी."

आईनं पाय ओढून घेतला. "सासूबाईंनी? त्यांनी पैसे काढून दिले होते. पिठाच्या डब्याच्या बुडाशी पन्नास रुपये होते, शेवटचे. माझ्या हातात कोंबले. म्हणाल्या, जा की आता, का मी कारलं पेरत बसू?"

"मग 'संप मिटू दे' कोण म्हणालं?"

"मीच. दादाला मीच म्हटलं." तिनं पांघरूण वर ओढलं. "तुझ्या बाबांचं डोकं ठिकाणावर नव्हतं तेव्हा. रात्री उठून गॅलरीत उभे राहायचे कठड्याला धरून. कशी जाणार होते? सासूबाई माझ्याशी आठ दिवस बोलल्या नाहीत. पैसे परत डब्यात ठेवले ना मी, म्हणून."

आणि ती झोपली. पाच मिनिटांत घोरायला लागली. मी त्रेचाळीस वर्षं सांभाळलेली गोष्ट तिनं पांघरुणासारखी ओढून बाजूला केली होती. कूस बदलताना माणूस असंच काहीतरी करतं.

त्यानंतर मला ते गाणं नीट म्हणता येईना. म्हणजे मनात. आतापर्यंत त्यात दोन बायका होत्या. एक मागणारी आणि एक अडवणारी. आता कधी कधी वाटतं, एकटीच आहे. परसात उभी राहून वेलाकडे बघते आणि स्वतःशीच दोन आवाजांत बोलते. पण हाही माझा अर्थ झाला, आणि अर्थ लावण्यात मी एकदा चांगलीच तोंडावर पडले आहे. कित्येक घरांत सासवांनी सुनांना खरोखरच अडवलं. गाणं त्यांचंही आहे, आणि एका घराच्या पडद्यामागे निराळं घडलं म्हणून ते खोटं होत नाही.

दुसरी गोष्ट मला सोमवारी लोकलमध्ये सुचली, सँडहर्स्ट रोडच्या आसपास, आणि मी चक्क उभ्याउभ्या लाजले. मामा आता ऐंशीचा आहे, त्याला प्रवास झेपत नाही. अक्षय्यतृतीयेपासून आई म्हणत होती, दादाला एकदा बघून येऊ. मी म्हटलं होतं, ऑडिट संपू दे, मग जाऊ. ऑडिट संपलं. मग मुलाची सीईटी होऊ दे. झाली. मग ॲडमिशन होऊ दे. मग पाऊस जरा कमी होऊ दे, घाटात दरड कोसळते. गणपती होऊ देत. प्रत्येक वेळी ती "बरं" म्हणाली होती. नाराज झाली नाही, पुन्हा आठवण करून द्यायला पंधरा-वीस दिवस मध्ये जाऊ दिले, आणि मग परत तितक्याच शांतपणे विचारलं, आता जाऊ या का? फुलाएवढं अंतर ठेवून. पोडियमवर तिनं काठी आपटली ती कुणासाठी, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.

ऑफिसात पोचायच्या आत तिकिटं काढली. महालक्ष्मी, दोन लोअर बर्थ, कोजागिरीच्या आदल्या रात्रीची.

जायच्या दिवशी तिनं सकाळपासून घर डोक्यावर घेतलं. फ्रिज पुसला. जावयासाठी तीन भाज्या करून डबे भरले, त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटवल्या. सिंकमध्ये दोन कप होते तेही घासले. मी म्हटलं, अगं बाई येते ना भांड्यांना. तर म्हणाली, खरकटं टाकून जाऊ नये. मी काही बोलले नाही. संध्याकाळी तिचे केस विंचरायला गेले, तर विंचरायला आहे काय? खांदा वर जात नाही म्हणून दोन वर्षांपूर्वी तिनं केस कापून घेतले, मानेपर्यंत. मी फणी फिरवली, वेणीचं नाव काढलं नाही. तिनंच काढलं. आरशात बघून म्हणाली, "आता कसली वेणी घालतेस? अशीच जाते राणी."

दादरला आम्ही अर्धा तास आधी पोचलो. बाकावर बसायला जागा मिळाली, तिच्या काठीकडे बघून एका मुलानं उठून दिली. पिशवीत मामासाठी इथल्या ओळखीच्या दुकानातलं फरसाण होतं. मिरजेत फरसाण मिळत नाही असा तिचा ठाम समज आहे. ती खुशीत होती. येणाऱ्याजाणाऱ्यांना न्याहाळत होती.

"परतीचं कधीचं काढलंयस?" तिनं विचारलं.

"पुढच्या रविवारचं. आठ दिवस राहा की."

"आठ?" ती गप्प झाली. मग म्हणाली, "रविवारी टाकी धुणार आहेत ना आपल्याकडे? लिफ्टपाशी नोटीस लागलीय. घरात पाणी कोण भरून ठेवणार? शनिवारचं बघ."

"बघते."

"बघते म्हणजे आत्ता बघ," ती म्हणाली. "मग मिळायचं नाही."